आजीबाईंनी जपलेली पत्रं

आमच्या तारोडीत लग्न म्हटलं की उंबराचं पाणी आलंच. बँड वाजू लागतो, घरच्या आणि शेजारच्या बाया लुगडी नेसून, गजरे माळून विहिरीवर निघतात, कळश्या भरतात आणि नाचत-गात पाणी घरी आणतात. त्याच पाण्यानं लग्नाची अंघोळ होते. मग चर्चमध्ये मिस्सा होते, पाद्रीबाबांसमोर शपथा घेतल्या जातात, बोटांत अंगठ्या जातात. विहीर आणि वेदी या दोहोंत आमच्याकडे कधी कुणाला भांडण दिसलं नाही. पाणी उंबराचंच का, असंही कुणी विचारत नाही. आजी भरायची, आई भरते, म्हणून भरायचं.

तारोडी, डोंगरी, उत्तन, गोराई ही सारी धारावी बेटावरची गावं. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशाहानं वसई आणि तिच्या आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, चर्च उभी राहिली, आणि या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेनं वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण लोकांची श्रद्धा राहिली. एवढा इतिहास आम्हाला ठाऊक आहे. ज्या दिवशी आमच्या कुणा पणजोबाच्या पणजोबानं पाण्याखाली डोकं वाकवलं, त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं? श्रद्धा होती, भीती होती, की गाव गेलं म्हणून तोही गेला? त्याच्या बायकोनं पाद्रीबाबांना काही विचारलं असेल का? त्या काळच्या पाद्र्यांनी कितीजणांना बाप्तिस्मा दिला ते लिहिलं. ज्यांना दिला त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. लिहिणार कशानं? अक्षर त्यांच्या हाती नव्हतं.

म्हणूनच पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची पत्रं वाचताना मी अडखळतो, थांबतो, पुन्हा वाचतो. इथे बाप्तिस्मा घेणारी बाई लिहिती होती. तिला वाट दाखवणारी जोगीणही लिहिती होती. दोघींचं पटलं तेही कागदावर आहे, आणि पटलं नाही तेही. मराठी माणसाच्या धर्मांतराची आतली बाजू इतकी उघडी क्वचितच दिसते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांच्यावर समाजाचा रोष. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरलं. लक्ष्मीबाईंनी लेकीलाही पहाटे उठवून संस्कृत पाठ करून घेतलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळानं वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास अनवाणी चालत देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

कलकत्त्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती उपासना पाहिली. तो प्रसंग त्यांनी पुढे 'माझी साक्ष' या आत्मनिवेदनात सांगितला आहे. बहीण-भाऊ एका ख्रिस्ती मेळाव्याला गेले. लोकांनी काही वाचलं, काही गायलं आणि मग खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकले, डोळे मिटले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. दोघांना वाटलं, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! ब्राह्मण जन्माची माणसं साहेबांच्या पंगतीला बसून खातात हे पाहून तर कलियुग पुरतं आलं अशी त्यांची खात्री झाली. त्याच मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. उघडून पाहिलं, पण भाषा आणि शिकवण दोन्ही इतकी परकी की पुढे वाचवलं नाही.

वाट उघडली ती दुसऱ्याच बाजूनं. बायकांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून रमाबाई धर्मशास्त्रं वाचू लागल्या. एकेक ग्रंथ दुसऱ्याशी भांडत होता, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत त्यांना दिसलं. स्त्री, मग ती वरच्या जातीची असो वा खालच्या, ग्रंथांच्या लेखी हीनच, आणि स्त्रीच्या देहानं मोक्ष नाही. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेद ठेवला. बाईनं वेद वाचायचा नसतो हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. त्यांनी तोही वाचला, आणि असमाधान वाढत गेलं.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सिलचरच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. आयझॅक ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातल्या गोष्टी समजावून सांगू लागले. रमाबाईंना ओढ वाटली, नवऱ्याला नाही. बायकोनं ख्रिस्ती व्हावं हे बिपिनबाबूंना मुळीच मान्य नव्हतं. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं ते गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा घेऊन रमाबाई महाराष्ट्रात, पुण्यात आल्या.

पुण्यात त्यांना दोन माणसं भेटली नसती तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. एक मिस हरफर्ड. त्यांच्याकडे रमाबाई इंग्रजी शिकल्या आणि त्यांच्याबरोबर मराठी नवा करार वाचू लागल्या. दुसरे फादर नेहेम्या गोरे.

गोऱ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या गोष्टीत वाट दाखवणारे दोन आहेत, हे गोरे आणि पुढे भेटणारी जोगीण, आणि त्यांतला पहिला स्वतः त्या वाटेवरून रक्ताळल्या पायांनी चाललेला होता. मूळ नाव नीलकंठ गोरे, जन्म १८२५ चा, झाशीजवळचा. चित्पावन घराणं काशीत स्थायिक झालेलं. काशीत मिशनरी घाटांवर प्रवचनं करू लागले तेव्हा हा तरुण शास्त्री त्यांचं खंडन करायला पुढे सरसावला. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालता घालता त्याच्याच मनात प्रश्न शिरले. घरात आकांत, गावात संताप. अखेर १४ मार्च १८४८ ला काशीत नव्हे, तर जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लवकरच वारल्या, लहान मुलगी दुसऱ्यांच्या आधारानं वाढली. षड्दर्शनांवर त्यांनी हिंदीत ग्रंथ लिहिला, त्याचं इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये निघालं. पुढे ते पाद्री झाले आणि पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये साधूसारखे राहिले. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा कधी सोडला नाही. आयुष्यभर ते स्वतःच्या मनाशी झगडत राहिले. म्हणूनच बहुधा समोरच्याच्या शंकेला ते कधी हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं शंका म्हणजे पाप नव्हतं. तिला उत्तर द्यायचं असतं, आणि तेही तिच्या भाषेत, तिच्या तर्कशास्त्रात.

रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा रानडे, भांडारकर यांच्या सुधारक वर्तुळानं त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं. आता स्वतः वैद्यक शिकायचं मनात होतं. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून जहाजाचं भाडं उभं राहिलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांना घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. आपण ख्रिस्ती होणार नाही, असं जाण्यापूर्वी त्यांनी सांगितलं होतं, आणि तेव्हा त्या तसंच मानत होत्या.

त्यांचा मुक्काम होता वाँटेज या छोट्या गावात, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या मठात. १८४८ साली स्थापन झालेल्या या संघाच्या जोगिणी पुण्यातही काम करत होत्या. ठरलं असं, की रमाबाईंनी हिंदुस्थानात येऊ घातलेल्या जोगिणींना मराठी शिकवायची आणि त्या बदल्यात मठानं त्यांची नि मुलीची सोय बघायची. कान अधू निघाल्यामुळे वैद्यकाचा बेत लवकरच मोडला. रमाबाईंची देखरेख सोपवली गेली सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत आणि पत्रांचा मायनाही तोच लिहीत. गोऱ्या जोगिणीला दिलेलं हे मराठी नातं पुढची भांडणं चालू असतानाही बदललं नाही.

आजीबाईंनी रमाबाईंना ख्रिस्ती केलं, असं ढोबळपणे म्हटलं जातं. रमाबाईंचं स्वतःचं सांगणं निराळं आहे. मठातल्या जोगिणींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला पाठवलं. 'पतित' म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांसाठी तिथं आश्रम होता. त्या बायकांना जोगिणी जवळ घेत होत्या, काम शिकवत होत्या, त्यांच्याशी आपल्या बहिणींसारख्या बोलत होत्या. रमाबाई पाहत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी शास्त्रं वाचली होती. अशा बाईला काय शिक्षा द्यावी हे त्यांनी त्यांत वाचलं होतं, तिच्यावर दया करावी असं कुठं वाचलं नव्हतं. ख्रिस्ती लोक असं का वागतात, हे त्यांनी सोबतच्या जोगिणीला विचारलं. तिनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. जातीबाहेरची, बदनाम बाई, आणि तिच्याशी तो देवाबद्दल बोलतो. रमाबाईंचं हृदय वळलं ते इथे, विहिरीपाशी.

पण हृदय वळलं म्हणून पंडितेची बुद्धी गप्प बसणार नव्हती. तिला प्रमाण हवं होतं. ते आलं पुण्याहून, गोऱ्यांच्या लेखणीतून. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाची मतं त्यांना आतून ठाऊक होती. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याची मांडणी त्यांनी शास्त्र्याच्या पद्धतीनं, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करत केली होती. ते पुस्तक वाचल्यावर आपल्या बुद्धीला पटलं, असं रमाबाईंनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंचं नवं नाव 'मेरी रमा' झालं, पण 'रमा' तसंच राहिलं.

त्याच शरद ऋतूत आनंदीबाई भगतांचा दुर्दैवी अंत झाला. आपल्याला सक्तीनं बाटवतील या भयानं त्यांच्या मनाचा तोल गेला होता, आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तशी सक्ती कुणी केल्याचं कुठं दिसत नाही. पण परक्या देशात, परक्या भाषेत, चारी बाजूंना जोगिणींचे काळे झगे असताना एका एकट्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार वाट दाखवणाऱ्या प्रत्येकानं करावा. हात धरायला आलेल्या माणसाचं बळही समोरच्याला भिववू शकतं. रमाबाईंना हा धक्का पचवायला ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी आसरा मिळाला.

इकडे पुण्यात हलकल्लोळ उडाला. ज्यांनी 'सरस्वती' म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्या अनेकांनी तोंड फिरवलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं. जोतीराव फुले मात्र १८८५ साली 'सत्सार' काढून रमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते. आजीबाईंना वाटत होतं की बाप्तिस्मा झाला म्हणजे वाट संपली. आता लेकीनं चर्चच्या मांडीवर निवांत बसावं, सांगितलं ते शिकावं. रमाबाईंच्या दृष्टीनं वाट आता कुठे सुरू झाली होती. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या, आणि वाँटेज ते चेल्टनहॅम पत्रांचा ओघ सुरू झाला.

वाद किती बारीकसारीक गोष्टींवरून पेटत ते पाहण्यासारखं आहे. रमाबाई शाकाहारी. अंडं घातलेलं पुडिंग त्यांना चालत नसे. आजीबाईंना त्यात जातीचा अहंकार उरलेला दिसला. रमाबाईंनी कळवलं की पै-पुडिंगात आणि दुधा-लोण्यात माझा गर्व शोधायचा तर खुशाल शोधा, पण माझ्या चालीरीती मी सोडणार नाही. जिथे त्या माझ्या श्रद्धेच्या आड येत नाहीत तिथे त्या मला प्रिय आहेत, मी हिंदू आहे आणि हिंदू म्हणवून घ्यायला मला आवडतं. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेलं हे पत्र.

मग आला गळ्यातला क्रूस. संघाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असत. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन कशाला? माझ्या लोकांना ती अक्षरं कळणार नाहीत, मलाही त्यांत काही पवित्र वाटत नाही. शब्द कोरायचेच असतील तर संस्कृतात कोरा. एका बाजूला शेकडो वर्षांची मठपरंपरा, दुसऱ्या बाजूला बापाच्या तोंडून संस्कृत उचललेली मुलगी. देवाला दोन्ही भाषा सारख्याच, हे आजीबाईंनाही नाकारता येत नव्हतं, पण परंपरा सोडवत नव्हती.

तिसरा वाद जास्त बोचरा. रमाबाईंनी मुलग्यांना, तरुण पुरुषांना शिकवावं का? चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना त्यात गैर वाटत नव्हतं. आजीबाईंनी हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला मागवला. त्यांनी नकार दिला: बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिच्या नावाला बट्टा लागेल. ही काळजी हिंदुस्थानच्या नावानं केली गेली आणि ती ऐकून रमाबाई पेटल्या. माझ्या आईनं तरुण विद्यार्थ्यांना शिकवलं, मी शिकवलं, ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना माझ्या नवऱ्यानं, आणि आता हे लोक हरकत घेतात! ज्या बाईनं कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवल्या, तिला इंग्लंडमध्ये चारचौघांना शिकवायला परवानगी लागत होती.

तत्त्वांवरचे वाद तर सगळ्यांत खोल. त्रैक्याचा सिद्धांत, कुमारीजन्म, अथानासियन मतांगीकार, यांपैकी जे बायबलमध्ये मला दिसत नाही ते मी का मानू, असं रमाबाई विचारत. लहानग्या मनोरमेकडून तिच्या समजेपलीकडची तत्त्वं पाठ करून घेणं त्यांना पसंत नव्हतं. आजीबाईंनी आज्ञाधारकतेची आठवण दिली, चर्चनं नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे नम्र व्हावं असं बजावलं. १८८५ च्या मे महिन्यातल्या उत्तराचा आशय असा: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री नि बिशप यांच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द स्वीकारायला बांधलेली नाही. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून आत्ताच उतरवलं आहे, तसंच दुसरं जू मी पुन्हा मानेवर घेणार नाही. मला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि निवड मीच करणार.

मिस बील यांचीही पत्रं या पत्रव्यवहारात आहेत. रमाबाईंसारख्या बाईच्या मनाला शाळकरी पोरीसारखं वागवून चालणार नाही, तिच्या शंकांना मोकळेपणानं सामोरं जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना त्यांच्याकडे तेच मिळालं, आणि पुण्याच्या गोऱ्यांकडेही पूर्वी तेच मिळालं होतं.

मग आजीबाईंना खलनायिका ठरवायचं का? मला नाही तसं वाटत. त्यांनी रमाबाईंची आणि मनोरमेची आजारपणं काढली, पैशाची तजवीज केली, रात्री जागून प्रार्थना केल्या. आपण या बाईला तारणाच्या दारापर्यंत आणलं आणि आता ती पुन्हा निसटते आहे, या भयानं त्यांचा जीव कासावीस होत असे. आईचं भय आणि साम्राज्याचा गर्व या दोन गोष्टी त्यांच्यात एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की त्यांना स्वतःलाही त्या वेगळ्या काढता आल्या नसाव्यात. हिंदुस्थान आपला मुलूख आहे आणि आपण जाणते आहोत, हे त्या काळच्या इंग्रज माणसाच्या अंगातच भिनलेलं. त्यांना लेक हवी होती. समोर आली होती ती मात्र वादसभा जिंकलेली पंडिता.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला निघाल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. वाँटेजला हा प्रवास पसंत नव्हता. रमाबाई गेल्याच. तिथे त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहून उच्चवर्णीय हिंदू बायकांची, विशेषतः बालविधवांची दुःखं अमेरिकेपुढे ठेवली, आणि दहा वर्षांच्या मदतीचं आश्वासन घेऊन त्या परतल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पुढल्या वर्षी ते पुण्याला आलं.

आता इतिहासानं एक विलक्षण गोष्ट केली. त्यानं रमाबाईंना आजीबाईंच्या जागी नेऊन बसवलं. सदनात मुली हिंदू, बहुतेक बालविधवा. नियम असा की कुणाला धर्म शिकवायचा नाही. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि खोलीचं दार उघडं असे. मुली उंबरठ्यापाशी येऊन बसू लागल्या. काही आत येऊ लागल्या. पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळ बाहेर पडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंनी दार बंद केलं नाही. ज्यांना सुधारकांची बाजू बरोबर वाटते, त्यांचं म्हणणंही पोकळ नाही. पोरक्या, परावलंबी मुलीवर तिला जेवू घालणाऱ्या बाईच्या श्रद्धेचा दाब पडतोच. तो शब्दांनी टाकावा लागत नाही. वाँटेजच्या मठात रमाबाईंनी हाच दाब स्वतः सोसला होता. तरीही त्यांच्या सदनात एक फरक होता आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींतल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि आयुष्यभर स्त्रीशिक्षणाच्या कामात राहिल्या. ज्या दारातून आत येता येतं त्याच दारातून बाहेरही जाता येतं, तेव्हाच त्याला उघडं दार म्हणायचं.

रमाबाई पुढे केडगावला गेल्या, दुष्काळातल्या बायका-मुलींसाठी त्यांनी मुक्ती सदन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम आयुष्याच्या अखेरीपर्यंत केलं. क्रूसावरच्या लॅटिनला नकार देणाऱ्या बाईनं देवाचा शब्द आपल्या माणसांच्या बोलीत आणण्यासाठी दोन परक्या भाषा शिकाव्यात, हे मला त्या जुन्या भांडणाचं खरं उत्तर वाटतं. मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

आणि आजीबाई? त्यांनी केलेली एक गोष्ट मी कधी विसरू शकत नाही. त्यांनी सगळी पत्रं जपून ठेवली, रमाबाईंची, बील यांची, बिशपांची आणि स्वतःची. म्हातारपणी ती क्रमानं लावली, टिपा लिहिल्या. ज्यांत त्यांची कानउघाडणी झाली होती, ज्यांत त्यांचा युक्तिवाद लंगडा पडला होता, ज्यांत लेकीनं चर्चच्या अधिकाराला जुवाची उपमा दिली होती, ती पत्रंही त्यांनी जाळली नाहीत, फाडली नाहीत. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो संग्रह छापला, म्हणून रमाबाईंचं ते ठाम 'नाही' आज आपल्याला ऐकू येतं. आजीबाईंना लेकीला आपल्या मनासारखं वळवता आलं नाही. पण जिला वाट दाखवली तिचा नकार त्यांनी तिच्या होकाराइतकाच जपला. मिशनरी म्हणून त्यांनी केलेलं सगळ्यांत मोठं काम मला हेच वाटतं.

आमच्या धारावी बेटावर असं कुणी पत्रं जपणारं नव्हतं. आमच्या पूर्वजांनी पाद्रीबाबांना काय विचारलं, कुठे मान डोलावली आणि कुठे हट्ट धरला, याचा कागद नाही. पण दर लग्नात कळश्या निघतात. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणा बाईनं येशूला मनापासून हो म्हटलं, आणि विहिरीचं पाणी मात्र सोडणार नाही असं ठरवलं. तिनं ते लिहिलं नाही, भरून आणलं. लुगड्याचा काष्टा सावरत, ओली कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून परतणाऱ्या आमच्या बाया पाहिल्या, की त्या पहिल्या बाईचं पत्र मला थोडंफार वाचता येतं.